सर्वांना नकार देता येतो; दोघांना होकार का नाही?

सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने भारतीय मतदाराला सर्व उमेदवार एकदम नाकारण्याचा अधिकार मिळाला. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण मतदानयंत्रावर आले आणि आज ते शहरातल्याप्रमाणे खेड्यातल्या मतदारालाही परिचित आहे. परंतु ज्या मतदाराला दहा उमेदवार एका झटक्यात नाकारता येतात, त्याला त्या दहांपैकी दोघे योग्य वाटले तर दोघांना होकार देता येत नाही. संपूर्ण नकाराला कायद्याची मान्यता आणि एकाहून अधिक होकाराला कायद्याची बंदी, असा हा विचित्र न्याय आहे. या बंदीचे लाभार्थी कोण आणि तिचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, याचा विचार डाव्या चळवळीने जितक्या गांभीर्याने करावयास हवा होता तितका केलेला नाही.

प्रश्न कोठे जाणवतो हे पाहण्यासाठी दिल्लीपर्यंत जाण्याचे कारण नाही. भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी हे तानसा नदीकाठचे गाव चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेशी जोडल्या गेलेल्या देवस्थानामुळे आणि गरम पाण्याच्या कुंडांमुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. अशा गावातील मतदार ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आपल्या प्रभागातील दोन किंवा तीन सदस्यांसाठी, म्हणजे जितक्या जागा तितकी, मते देतो. त्याच खेपेस तो सरपंचासाठीही मत देतो; मात्र तेथे त्याला एकच मत असते. सदस्यांच्या बाबतीत त्याच्या विवेकावर विश्वास टाकणारा कायदा सरपंचाच्या बाबतीत एकाएकी कंजूष होतो.

सरपंच थेट लोकांनी निवडावा की निवडून आलेल्या सदस्यांनी, या प्रश्नावर महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत बरीच ओढाताण झाली. २०१७ साली थेट निवड आली, २०२० साली ती रद्द झाली आणि २०२२ साली पुन्हा आली. नगराध्यक्षांच्या निवडीचीही अशीच येरझार झाली. सरकार बदलले की निवडणारे बदलायचे, असा हा खेळ होता. एका बाजूने लोकशाहीचा जयघोष केला, दुसऱ्या बाजूने कारभारातील सुसंवादाचे महत्त्व सांगितले. कोणी निवडावे याची चर्चा विधिमंडळात तीनदा झाली. कसे निवडावे, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी अस्पर्श ठेवला.

वास्तविक थेट निवड आणि एकच खूण यांचा संयोग सर्वांत घातक असतो. सदस्यांमधून सरपंच निवडताना निदान वाटाघाट होते, अल्पमताच्या माणसाला कोणाचा तरी पाठिंबा मिळवावा लागतो. थेट निवडीत तीही गरज उरत नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हांवर होत नाहीत. त्यामुळे भावकी, आळी, वाडी, पाडा यांतून उमेदवार उभे राहतात. ज्याचा आकडा इतरांपेक्षा एकाने अधिक तो पाच वर्षे गावाचा प्रमुख. शिवाय लोकांनी थेट निवडलेल्या सरपंचाला अविश्वासाने दूर करणे कायद्याने अधिक अवघड करून ठेवले आहे.

एक काल्पनिक गणित मांडले तर दोष स्पष्ट होईल. समजा, एका गावात दोन हजार मतदान झाले आणि सरपंचपदासाठी पाच उमेदवार उभे राहिले. गावाच्या वापरातली मोकळी जमीन एका धनिकाच्या विश्रामगृहाकडे वळवावी असे एकाचे मत आहे. उरलेल्या चौघांचा त्याला ठाम विरोध आहे. पहिल्याला ६४० मते पडली. चौघा विरोधकांना अनुक्रमे ५००, ४००, ३०० आणि १६०. म्हणजे १,३६० मतदारांनी जमीन राखण्याच्या बाजूने कौल दिला आणि सरपंच झाला तो जमीन देणारा. ‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण येथे निवडणुकीचा नियम होऊन बसते.

आता याच गावात नियम एवढाच बदला, की जितके उमेदवार मतदाराला मान्य असतील तितक्यांपुढे त्याने खूण करावी. प्रत्येक खुणेचे मूल्य सारखे. सर्वाधिक खुणा ज्याच्या पुढे, तो विजयी. पाचशे मतांच्या उमेदवाराला उरलेल्या तिघांच्या मतदारांपैकी अनुक्रमे २५०, २०० आणि १०० जणांनीही मान्य केले, तर त्याच्या खुणा १,०५० होतात. जमीन देणाऱ्याला आणखी साठ जणांनी मान्य केले तरी तो सातशेवर थांबतो. उमेदवार तेच, मतदार तेच, मतेही तीच. फक्त त्या मतांना बोलू दिले, तर गावाची जमीन वाचते. या पद्धतीला ‘मान्यता-मतदान’ म्हणता येईल. स्टीव्हन ब्रॅम्स आणि पीटर फिशबर्न या अमेरिकी अभ्यासकांनी १९७८ साली तिची शास्त्रशुद्ध मांडणी केली आणि १९८३ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पण तिच्यातील कल्पना समजण्यास ग्रंथाची गरज नाही. चालेल त्याला हो म्हणा, चालणार नाही त्याला म्हणू नका; एवढेच तिचे सार आहे.

हे केवळ गावपातळीवरचे दुखणे नाही. वज्रेश्वरी ज्या भिवंडी लोकसभा मतदारसंघात येते, तेथील २००९ च्या निवडणुकीत काँग्रेसचे सुरेश टावरे १,८२,७८९ मते मिळवून विजयी झाले. वैध मतांच्या एकतृतीयांशालाही न पोहोचता. दुसऱ्या क्रमांकावरील भारतीय जनता पक्षाच्या जगन्नाथ पाटील यांच्यापेक्षा त्यांना ४१,३६४ मते अधिक होती आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराची मते लाखावर गेली होती. २०२४ साली याच मतदारसंघात राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरदचंद्र पवार गटाचे सुरेश म्हात्रे ४,९९,४६४ मते घेऊन निवडून आले. कपिल पाटील यांना ४,३३,३४३ मते पडली. अंतर ६६,१२१ मतांचे. अपक्ष नीलेश सांबरे यांच्या पारड्यात २,३१,४१७ मते होती, म्हणजे निर्णायक अंतराच्या तिपटीहून अधिक. येथे मुद्दा कोण जिंकला याचा नाही. टावरे, म्हात्रे किंवा पाटील यांपैकी कोणालाही उद्देशून ही टीका नाही. मुद्दा असा, की या सव्वादोन लाखांहून अधिक नागरिकांना आपला उमेदवार न सोडता उरलेल्या दोघांपैकी कोण चालेल हे सांगण्याची मुभा कायद्याने दिली नाही. आपल्या मनातला माणूस की निकालावर परिणाम, यांतील एक निवडा, असेच कायद्याने त्यांना बजावले.

समाजवादी कार्यकर्त्याला या बजावणीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. निवडणूक आली की मोठ्या पक्षांचे दूत त्याच्या दारात येतात आणि तेच वाक्य ऐकवतात : तुमचा उमेदवार चांगला आहे, पण तो मते फोडतो. ज्याने वर्षभर रेशनच्या रांगेत, यंत्रमागाच्या शेडमध्ये आणि वनजमिनीच्या दाव्यांसाठी लोकांबरोबर काम केले, त्याला निवडणुकीच्या महिन्यात ‘मते खाणारा’ ठरवले जाते. जो वर्षभर फिरकला नाही तो ‘निवडून येऊ शकणारा’ म्हणून सन्मानित होतो. मतदारही कळवळून सांगतो, की मन तुमच्यापाशी आहे, मत मात्र वाया घालवता येत नाही. हे मन आणि मत यांचे विभक्तीकरण मतदाराच्या भित्रेपणातून आलेले नाही. ते नियमातून आले आहे, आणि नियम माणसांनी केलेला असल्याने माणसांना तो बदलता येतो.

या नियमाने चळवळीचा इतिहासही घडवला आहे. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत सोशालिस्ट पक्षाला देशभरात १०.५९ टक्के मते पडली आणि जागा मिळाल्या बारा; सुमारे ४५ टक्के मतांच्या बळावर काँग्रेसने ४८९ पैकी ३६४ जागा घेतल्या. त्या धक्क्यानंतर त्याच वर्षी किसान मजदूर प्रजा पक्षाशी विलीनीकरण झाले. डॉ. लोहियांच्या बिगर-काँग्रेसवादामागेही अल्पमतावर बहुमताचे राज्य करणाऱ्या काँग्रेसविरुद्ध मते एकवटण्याचे गणित होते. १९७७ साली तर सोशालिस्ट पक्षाने जनता पक्षात स्वतःचे अस्तित्वच विसर्जित केले, आणि दोन वर्षांत तो जनता पक्ष फुटला. आणीबाणीच्या विरोधात एकजूट अपरिहार्य होती, यात शंका नाही. परंतु एकजुटीची किंमत म्हणून प्रत्येक वेळी आपले नाव, झेंडा आणि कार्यक्रम गहाण टाकावा लागतो, हे जे घडत आले, त्यात एका खुणेच्या सक्तीचा वाटा मोठा आहे. मित्रपक्ष वेगवेगळे उभे राहूनही एकमेकांना पाडत नाहीत अशी व्यवस्था असती, तर ऐक्य हे विलीनीकरणाचे दुसरे नाव झाले नसते.

हीच शोकांतिका फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या पातळीवर घडली. २००२ साली तेथे पहिल्या फेरीत सोळा उमेदवार होते. समाजवादी पंतप्रधान लिओनेल जोस्पँ यांना १६.१८ टक्के मते मिळाली. अतिउजव्या ज्याँ-मारी ल पेन यांना १६.८६ टक्के. दोघांतील अंतर दोन लाख मतांहूनही कमी होते. जोस्पँ यांच्या आघाडीतील घटकपक्षांचेच चार उमेदवार स्वतंत्रपणे रिंगणात होते. त्यांपैकी शव्हेनमाँ यांनी पंधरा लाखांवर आणि क्रिस्तियान तोबिरा यांनी साडेसहा लाखांवर मते घेतली. परिणामी दुसऱ्या फेरीत समाजवादी उमेदवारच उरला नाही. अतिउजव्यांना अडवण्यासाठी डाव्या मतदारांना नाइलाजाने उजव्या शिराक यांना मत द्यावे लागले आणि ते ८२ टक्क्यांनी विजयी झाले. नंतर सर्व दोष तोबिरा आणि शव्हेनमाँ यांच्या माथी मारण्यात आला. परंतु एका कृष्णवर्णीय स्त्रीने वसाहतींतल्या जनतेचा आवाज घेऊन उभे राहणे हा गुन्हा ठरतो, तेव्हा दोष तिचा की मोजणीच्या रीतीचा? त्याच निवडणुकीच्या दिवशी ऑर्से आणि आणखी एका गावात अभ्यासकांनी मतदारांकडून मान्यता-मतदानाच्या प्रायोगिक मतपत्रिका भरून घेतल्या. सामान्य मतदारांनी ती रीत सहज समजून घेतली आणि सोळांपैकी सरासरी तीनहून थोड्या अधिक नावांपुढे खुणा केल्या. म्हणजे एका खुणेपुरतेच मतदाराचे मत असते, हा समज निराधार आहे.

येथे कोणी म्हणेल, की आपल्या राष्ट्रपतींची निवड तरी एका खुणेने होत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ५५ प्रमाणे तेथे पसंतीक्रम द्यावयाचा असतो. हे खरे आहे, आणि ती रीत एका खुणेपेक्षा चांगली आहे, हेही खरे. परंतु तिची मर्यादा १९६९ च्या निवडणुकीत स्पष्ट दिसली, आणि त्या निवडणुकीत एक मराठी माणूस गुंतलेला होता. डॉ. झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर झालेल्या त्या लढतीत पंधरा उमेदवार होते. वराहगिरी व्यंकट गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्याबरोबर तिसरे प्रमुख नाव होते चिंतामणराव देशमुखांचे. महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी त्यांना पाठिंबा दिला होता. त्या पक्षांशी समाजवाद्यांचे वैर असले तरी देशमुखांच्या व्यक्तिगत योग्यतेविषयी फारसे दुमत नव्हते.

पहिल्या पसंतीची मते मोजली तेव्हा गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ इतके मतमूल्य मिळाले. विजयासाठी ४,१८,१६९ हवे होते. कोणीही तेथवर न पोहोचल्याने खालून एकेक उमेदवार बाद होत गेला आणि त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती मोजली गेली. देशमुखही बाद झाल्यावर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा निकाल लागला. आता या मोजणीत काय घडले ते नीट पाहावे. देशमुखांना मत देणाऱ्यांची दुसरी पसंती मोजली गेली. गिरी आणि रेड्डी यांना पहिली पसंती देणाऱ्यांनी दुसऱ्या स्थानी कोणाचे नाव लिहिले होते, हे मात्र कोणी पाहिलेच नाही. सात लाखांहून अधिक मूल्याच्या मतपत्रिकांवरील दुसरी पसंती न मोजताच बंद झाली. जो माणूस अनेकांच्या मनात दुसरा असू शकतो, तो पहिल्यांच्या यादीत मागे पडला की त्याच्या मान्यतेची मोजणी होण्यापूर्वीच त्याला रिंगणाबाहेर काढले जाते. गिरी आले याचे समाजवाद्यांना दुःख असण्याचे कारण नाही. परंतु निकाल आवडला म्हणून रीत निर्दोष ठरत नाही.

त्या निवडणुकीचा आणखी एक धडा आहे. दुसऱ्या पसंतीच्या मतांसाठी काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी जनसंघ व स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी बोलणी केली, आणि तेच निमित्त करून इंदिरा गांधींनी ‘सदसद्विवेकबुद्धीच्या मता’ची हाक दिली. पुढे काँग्रेस फुटली. क्रमांकांचा हिशेब पक्षश्रेष्ठींच्या सौद्याला वाव देतो. मान्यता-मतदानात एकाला दिलेली खूण दुसऱ्याच्या खुणेतून वजा होत नाही, कोणी आधी बाद होत नाही, आणि सर्व मतपत्रिकांवरील सर्व खुणा मोजल्या जातात. आणखी महत्त्वाचे म्हणजे, ज्या मतदाराला अक्षरओळख नाही त्याला पसंतीचे आकडे लिहिणे अवघड. बटण दाबणे त्याला आजच येते.

आता आक्षेपांकडे वळले पाहिजे.

पहिला आक्षेप नेहमीचा : एका व्यक्तीला एकच मत, हे लोकशाहीचे मूळ तत्त्व मोडते. हा हेत्वाभास आहे. तत्त्व समान मताचे आहे, एका खुणेचे नाही. प्रत्येक मतदाराला प्रत्येक उमेदवाराविषयी हो किंवा नाही सांगण्याचा सारखाच हक्क असेल, तर कोणाचे मत कोणापेक्षा जड होत नाही. शिवाय एकच खूण ही भारतीय लोकशाहीची सनातन परंपराही नाही. १९३७ साली मुंबई प्रांतातील बहुसदस्य मतदारसंघांत मतदाराला अनेक मते होती आणि ती हवी तशी एकवटण्याची मुभा होती. १९५२ आणि १९५७ च्या निवडणुकांत देशात द्विसदस्य मतदारसंघ होते. १९५७ साली ठाणे मतदारसंघाने शामराव परुळेकर आणि लक्ष्मण मातेरा अशा दोघांना लोकसभेत पाठवले, ते मतदारांच्या हाती दोन मते होती म्हणूनच. ते मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपले. वारली आदिवासींच्या जिल्ह्याने साठ-सत्तर वर्षांपूर्वी जे केले, ते आजच्या मतदाराला झेपणार नाही, असे म्हणणाऱ्याने आपला अविश्वास कोणावर आहे हे आधी तपासावे.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. ही रीत दिली तरी पुष्कळ मतदार एकच खूण करतात, असे टीकाकार सांगतात. विद्युत अभियंत्यांच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ती १९८७ साली स्वीकारली आणि २००२ साली सोडून दिली. अमेरिकेतील फार्गो शहराने २०१८ साली लोकमताने ती घेतली, पण २०२५ मध्ये नॉर्थ डकोटा राज्याने कायदा करून तिच्यावर बंदी घातली. याउलट सेंट लुईस शहरात २०२१ च्या मार्चमध्ये महापौरपदाच्या प्राथमिक फेरीत चार उमेदवार होते. टिशॉरा जोन्स यांना सुमारे ५७ टक्के मतदारांनी, कॅरा स्पेन्सर यांना ४६ टक्क्यांनी आणि ल्यूइस रीड यांना ३९ टक्क्यांनी मान्यता दिली. टक्क्यांची बेरीज शंभराच्या बरीच वर जाते, याचाच अर्थ अनेकांनी एकाहून अधिक खुणा केल्या. आणि समजा, कोणी एकच खूण केली, तरी त्याचे काही बिघडत नाही. त्याला आजच्याइतकाच अधिकार आहे. ज्याला अधिक सांगायचे आहे त्याचे तोंड मात्र उघडते. एकाला बोलायचे नाही म्हणून दुसऱ्याला गप्प बसवणे, हा कोणता न्याय?

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो शत्रूकडून नव्हे, मित्रांकडून येतो. गावात बहुसंख्य असलेल्या जातीचे तीन उमेदवार उभे राहिले की त्यांची मते फुटतात आणि एखाद्या दलित किंवा आदिवासी कार्यकर्त्याला फटीतून आत शिरता येते. मान्यता-मतदानात ही फट बुजेल. मग दुर्बलांचे काय? या शंकेतील वेदना खरी आहे. परंतु बलवानांच्या भांडणावर दुर्बलांचे प्रतिनिधित्व अवलंबून ठेवणे हे धोरण नव्हे, ते नशीब आहे. बलवानांनी समझोता केला की ते संपते. दुर्बलांचा खरा आधार त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने दिलेले आरक्षण हा आहे, आणि त्या आरक्षणाची आज कशी चेष्टा होते हे प्रत्येक कार्यकर्ता जाणतो. सरपंचपद राखीव झाले की त्या समाजातील चारपाच स्वाभिमानी माणसे उभी राहतात आणि गावातले वजनदार घराणे आपल्या शब्दाबाहेर नसलेला पाचवा-सहावा उमेदवार पुढे करते. स्वाभिमान्यांची मते आपापसांत वाटली जातात, घराण्याची मते एकवटतात आणि पाच वर्षे सही एकाची व कारभार दुसऱ्याचा चालतो. स्त्रियांच्या राखीव जागांवर तर हा प्रकार सर्रास होतो. मान्यता-मतदानात त्या पाड्यातील, त्या वस्तीतील लोक आपल्या चारही माणसांना मान्यता देऊ शकतील. दुसऱ्याने लादलेले बाहुले त्यांच्यात फूट पाडू शकणार नाही. दुर्बलांचा लाभ फटीत नाही, त्यांच्या ऐक्याला मोल देणाऱ्या मोजणीत आहे.

चौथा आक्षेप असा, की यातून सर्वांना बरा वाटणारा गुळमुळीत माणूस निवडून येईल. तसे कधी होईलही. पण सरपंच हा संपूर्ण गावाचा असतो. निम्म्याहून अधिक गावाला जो सहन होत नाही अशा माणसापेक्षा निम्म्याहून अधिक गावाला मान्य असलेला माणूस त्या खुर्चीत बसणे, यात लोकशाहीचे नुकसान कोणते? प्रखर विचारांना खरा धोका गुळमुळीतपणाचा नाही. मते फुटण्याच्या भीतीने ते विचार मतपत्रिकेवर येऊच दिले जात नाहीत, हा धोका आहे. ही भीती पुढे कुठवर जाते, ते २०२१ च्या जानेवारीत दिसले. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे उघडकीस आल्यावर राज्य निवडणूक आयोगाला तेथील निवडणुका रद्द कराव्या लागल्या. ‘गावात फूट नको’ या गोंडस नावाखाली बिनविरोधाचा बाजार भरतो. फुटीची भीतीच काढून घेतली, तर या बाजाराचे एक मोठे निमित्त नाहीसे होईल.

मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. मान्यता-मतदान हे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. कोणतीही निवडणूक-रीत सर्व कसोट्यांना एकदम उतरू शकत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९५१ साली दाखवून दिले, आणि अमर्त्य सेन यांनी १९७० च्या ग्रंथात त्या प्रश्नाचा विस्तार केला. परंतु परिपूर्ण रीत नाही म्हणून सर्वांत सदोष रीत कवटाळून बसावे, असा त्याचा अर्थ होत नाही. जेथे अनेक जागा भरावयाच्या असतात, त्या विधानसभेत आणि लोकसभेत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी सोडता कामा नये. तेथे अल्पमतालाही त्याच्या वाट्याच्या जागा मिळाल्या पाहिजेत. पण सरपंच, नगराध्यक्ष, राष्ट्रपती ही पदे वाटून देता येत नाहीत. खुर्ची एकच असेल, तेव्हा तिच्यावर अधिकाधिक लोकांना मान्य असलेला माणूस बसावा, एवढेच न्याय्य मागणे उरते.

आणि हे मागणे स्वप्नाळू नाही. राष्ट्रपतिपदासाठी संविधान बदलावे लागेल. ते काम दूरचे आहे. ग्रामपंचायतीच्या प्रमुखाची निवड कोणत्या रीतीने करावी, हे ठरवण्याचा अधिकार मात्र अनुच्छेद २४३-सी ने राज्य विधिमंडळाला दिलेला आहे, आणि नगराध्यक्षाच्या बाबतीत अनुच्छेद २४३-आर ने. तीन वेळा दुरुस्त झालेला कायदा चौथ्यांदा दुरुस्त करणे अशक्य नाही. एकाच मतदाराकडून अनेक मते नोंदवून घेणारी यंत्रे ग्रामपंचायतींच्या आणि महापालिकांच्या निवडणुकांत वापरात आहेत. सरपंचाच्या यादीत एकाऐवजी हवी तितकी बटणे दाबू देणे हा तंत्राचा किरकोळ बदल आहे. अडचण तंत्राची नाही, हितसंबंधांची आहे. मतविभागणीच्या भीतीवर ज्यांचे साम्राज्य उभे आहे, ते ही भीती स्वखुशीने काढून घेणार नाहीत.

म्हणून सुरुवात चळवळीनेच आपल्या घरापासून केली पाहिजे. तालुका समितीचा अध्यक्ष, जिल्ह्याचा सरचिटणीस, एखाद्या मतदारसंघातील पक्षाचा किंवा आघाडीचा उमेदवार यांची निवड एका खुणेने किंवा बंद खोलीतील सहमतीने न करता मान्यता-मतदानाने करावी आणि प्रत्येकाला किती मान्यता मिळाली ते आकडे उघड जाहीर करावेत. मित्रपक्षांशी जागावाटपाची बोलणी करताना ‘तुमची ताकद किती’ हा प्रश्न दरडावून विचारला जातो. त्याचे प्रामाणिक उत्तर अशा मोजणीतूनच मिळेल. त्यानंतर प्रत्येक ग्रामसभेत ठराव मांडावा, की सरपंचाच्या निवडीत मतदाराला मान्य असलेल्या सर्व उमेदवारांना मत देण्याचा हक्क असावा. वज्रेश्वरीपासून वाड्यापर्यंत आणि शहापूरपासून पालघरपर्यंत असे शेकडो ठराव मंत्रालयाच्या टेबलावर गेले, तर विधिमंडळाला निदान ‘का नाही’ याचे उत्तर द्यावे लागेल.

ज्या नागरिकाला सर्वांना नाही म्हणण्याचा हक्क आहे, त्याला अनेकांना हो म्हणण्याचा हक्क नाकारण्यास कोणतेही तर्कशुद्ध कारण उरलेले नाही. कारण एकच आहे : लोकांचे मन आणि लोकांचे मत वेगळे राहण्यातच काहींचे राज्य सुरक्षित आहे. ते दोन्ही पुन्हा एकत्र आणणे हे समाजवादी राजकारणाचे काम आहे, आणि ते एका साध्या खुणेच्या नियमापासून सुरू होते.